मागच्या खोलीतली फसफस

१

दिवे लागायच्या सुमारास सर खुर्चीतून उठायचे, स्वयंपाकघरातला ओटा कोरडा पुसायचे आणि स्वतःसाठी व्हिस्की-सोडा करायचे. एकच. दुसऱ्याचा मोह त्यांना कधी झाला नाही, कारण पहिला करतानाच त्यांची दमछाक व्हायची. तर्कशास्त्र शिकवण्यात उभी हयात गेलेली. सोपी गोष्ट सोपेपणानं करणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. ग्लास आधी गार हवा. बर्फाचे खडे मोठे हवेत, कारण बारीक बर्फ बघता बघता पाणी होतो आणि चवीचा बट्ट्याबोळ करतो. व्हिस्की बर्फावर ओतायची. बर्फ व्हिस्कीत टाकायचा नाही. मग ग्लास किंचित तिरका धरून काचेच्या कडेकडेनं सोडा सोडायचा, असा की बुडबुड्यांची झोपमोड होऊ नये. शेवटी लांब दांड्याचा चमचा तळापर्यंत नेऊन एकदाच वर उचलायचा. ढवळायचं नाही, नुसतं उठवायचं.

एवढं सगळं रीतसर करूनही पहिल्या घोटाला सरांचं कपाळ आक्रसायचंच. सोडा जास्त झाला का? कदाचित. कॉलेजात मुलांनी त्यांना 'कदाचित सर' असं नाव पाडलं होतं. ते सरांना ठाऊक होतं. ते नाव योग्य आहे की नाही, याबद्दलही त्यांच्या मनात शंका होतीच.

या घरात एक रीत होती. व्हिस्की ज्याची त्यानं घ्यायची, पण सोडा मात्र दुसऱ्यानं ओतायचा. आणि पिणारा 'पुरे' म्हणेपर्यंत ओतणाऱ्यानं थांबायचं नाही. ही रीत सरांच्या बायकोची. स्वतः ती थेंबाला शिवत नसे, पण सोड्याची बाटली रोज संध्याकाळी तिच्याच हातात असे. एकदा सरांचा एक सहकारी आला होता, बोलायला लागला की आगगाडीसारखा सुटणारा. ग्लास पुढे धरून तो बोलत राहिला आणि 'पुरे' म्हणायचं विसरला. ती चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता ओतत राहिली. सोडा त्याच्या मनगटावरून, टेबलावरून, नव्या पँटवरून खाली गेला तेव्हा कुठे तो किंचाळला. "अहो वहिनी, हे काय?" तर ही म्हणाली, "तुम्ही बोला हो. मला काही घाई नाही."

ती गेल्यापासून सर आपला सोडा आपणच ओतत. स्वतःच्याच हाताला 'पुरे' म्हणणं त्यांना वेडगळपणाचं वाटे, म्हणून ते गप्प राहून ओतत.

त्या संध्याकाळीही त्यांनी तसंच केलं. ग्लास घेऊन ते बाहेरच्या खोलीत आले, खुर्चीत बसले आणि नेहमीसारखा ग्लास कानाशी धरला. सोड्याची फसफस विझत जाताना ऐकायला त्यांना आवडायचं. आवाज बारीक झाला, अधिक बारीक झाला, थांबला. त्यांनी ग्लास खाली ठेवला.

फसफस चालूच होती.

सरांनी ग्लासाकडे पाहिलं. पृष्ठभाग शांत होता, एखादाच बुडबुडा वर येत होता. त्यांनी मान वळवली. आवाज बोळाच्या टोकाकडून, मागच्या खोलीतून येत होता. कुणीतरी नुकताच ग्लास भरून ठेवावा आणि तो आपला आपण कुरकुरत बसावा, तसा. थोड्या वेळानं तोही विझला.

२

मागच्या खोलीत ठेवण्यासारखं काही नव्हतं. जास्तीची एक खाट, पुस्तकांची खोकी, खिडकीखाली एक लहान टेबल, आणि दारामागे सरांच्या बायकोचा पावसाळी कोट, जो कुणाला द्यायचा हे अजून ठरलं नव्हतं. सर दिवा लावून सगळ्या खोलीत फिरले. खाटेखाली वाकून पाहिलं. वाकल्यावर उठताना खाटेचा आधार घ्यावा लागला आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. काय शोधतोस म्हाताऱ्या? सोड्याची बाटली?

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या दिवशीही.

सरांनी मग शिकवल्याप्रमाणे करायचं ठरवलं. आधी शक्यता मांडल्या. पहिली: आपल्याच ग्लासाचा आवाज भिंतीवर आपटून येतो. दुसरी: भिंतीतला पाइप. तिसरी: कान. या वयात कानात काय काय वाजतं. एका ओळखीच्याला म्हणे बारा महिने घंटा ऐकू यायची. चौथी शक्यता त्यांनी मांडली नाही, पण ती मांडायची राहिली आहे हे त्यांना कळत होतं.

एका संध्याकाळी त्यांनी ग्लास भरलाच नाही. आवाज आला नाही. पुढच्या संध्याकाळी व्हिस्कीत साधं पाणी घातलं. आवाज आला नाही. तिसऱ्या संध्याकाळी सोडा घातला आणि ग्लास तसाच ओट्यावर ठेवून, स्वयंपाकघराचं दार ओढून घेऊन ते बोळात जाऊन उभे राहिले. आता त्यांच्या ग्लासाचा आवाज त्यांना ऐकू येणं शक्य नव्हतं.

मागच्या खोलीतून फसफस स्पष्ट आली. आज थोडी लांबली.

म्हणजे प्रतिध्वनी बाद झाला. पाइपला त्यांनी सोडा घातला की पाणी, हे कळायचं कारण नव्हतं, म्हणून पाइपही बाद. राहिला कान. सरांना चक्क हायसं वाटलं. कान हा शरीराचा साधा अवयव, त्याला डॉक्टर असतो, औषध असतं. खातरजमा म्हणून त्यांनी पुढच्या खेपेला दोन्ही कानांत कापसाचे बोळे कोंबले. दोष कानातच असेल तर बोळे घालूनही आवाज यायला हवा. उलट जास्तच यायला हवा.

कापूस कोंबला, आणि आवाज गेला.

सरांनी बोळे काढले. उघड्या कानांत फसफस पुन्हा शिरली. त्यांनी आपला निष्कर्ष मनाशी एकदा उलट आणि एकदा सुलट तपासला. कुठेही चूक सापडेना. आयुष्यभर दुसऱ्यांच्या युक्तिवादातली भोकं दाखवून पोट भरलेला माणूस. आपल्या युक्तिवादाला एखादं तरी भोक असावं म्हणून तो त्या संध्याकाळी कासावीस झाला.

३

"बाबा, खालच्या काकूंचा फोन आला होता मला."

फोनवर मुलीचा आवाज गोड होता. ती गोड बोलायला लागली की सर सावध होत.

"त्यांना दुसरं काम काय आहे?"

"त्यांच्या छताला ओल आलीय. तुमच्या मागच्या खोलीच्या बरोबर खाली."

"मागच्या खोलीत नळ नाही."

"तेच म्हणतेय मी. नळ नाही, मग पाणी कुठून आलं? तुम्ही तिथे काही धुता बिता का?"

"मी तिथे कशाला काय धुऊ?"

"मग?"

सरांनी खोकून वेळ काढला. "झाडांना घालताना सांडलं असेल."

"झाडं कुठायत त्या खोलीत?"

खोटं बोलण्याचा सराव नसला की असं होतं. माणूस पहिल्याच पायरीवर घसरतो. पलीकडून मुलीनं एक सुस्कारा सोडला. तो अगदी तिच्या आईसारखा होता.

"बाबा, रागावू नका. काकू म्हणत होत्या, संध्याकाळी तुम्ही बोळात एकटेच उभे असता. दार उघडं होतं तेव्हा त्यांनी पाहिलं. हाक मारली तरी तुम्ही ओ दिली नाहीत."

"कानात कापूस होता."

"कापूस? का?"

सरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हे बघा," मुलगी म्हणाली, "रविवारी तो येईल तुमच्याकडे. तुमचे कान बघेल, जरा गप्पा मारेल. तो काय म्हणतो त्यावर ठरवू. तो तर केव्हाचा मागे लागलाय, बाबांना इकडे आणू, इकडे आणू. खोली तयार आहे. पडदेसुद्धा त्यानंच लावलेत, स्टुलावर चढून. वाकडे लावलेत, पण लावलेत."

तो म्हणजे जावई. कानाचा डॉक्टर, आडव्या अंगाचा, दिलखुलास. सरांना तो मनापासून आवडायचा. म्हणूनच भीती होती. ज्याच्याशी भांडता येत नाही असा माणूस घर सोडायला सांगायला येतो, तेव्हा काय करायचं? हे घर सोडायचं म्हणजे ही खुर्ची सोडायची, ओट्यावरचा तो कोपरा सोडायचा, आणि दुसऱ्याच्या घरात दुसऱ्याच्या वेळेला जेवायचं. आपल्यामागे कुणी हळू आवाजात आपल्याबद्दल बोलतंय की काय, हे ऐकण्यात उरलेले दिवस घालवायचे. सरांनी मनाशी ठरवलं, ताकास तूर लागू द्यायची नाही. कान थोडा अधू आहे असं कबूल करायचं. आवाजाचं नाव काढायचं नाही.

फोन ठेवल्यावर ते मागच्या खोलीत गेले. खिडकीखालच्या टेबलावर ओला गोल डाग होता, ग्लासाच्या बुडाएवढा. फरशीवर टेबलाच्या पायाशी पाणी जमलं होतं. सरांनी बोट लावलं, जिभेवर ठेवलं. जीभ किंचित चुरचुरली.

त्यांनी फडकं आणून सगळं पुसून काढलं. पुसताना मागे कोट हलला असं वाटलं. त्यांनी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर काहीच नसतं, याची त्यांना खात्री होती, जवळजवळ खात्री.

४

शनिवारी त्यांनी ग्लास भरायचा नाही असं पक्कं केलं होतं. पण दिवे लागले आणि हात वळवळायला लागले. सवय सोडली तर जावयाला कळेल, अशी स्वतःची समजूत घालून ते उठले. बर्फ, व्हिस्की, तिरका ग्लास. सोडा आज जरा घाईनं पडला. चमचा तळाशी नेला, उचलला.

ते खुर्चीत येऊन बसले आणि मागच्या खोलीत बाटली उघडल्याचा आवाज झाला.

हे नवीन होतं. आजवर नुसती फसफस यायची, सगळं होऊन गेल्यानंतरची. आज झाकण उडालं, फस्स झालं, आणि मग ओतल्याचा आवाज सुरू झाला. काचेच्या कडेनं, हळू, पण थोडा कच्चा. एखाद्यानं दुरून पाहून उचललेली रीत असावी तसा. ग्लास भरत गेला की आवाजाचा सूर चढत जातो. तो चढला. काठापर्यंत चढला. आता थांबेल, असं सरांना वाटलं.

थांबला नाही. लाकडावर पाणी पडू लागलं. मग फरशीवर.

एका बाटलीत सोडा असतो किती? ती केव्हाच रिकामी व्हायला हवी होती. आवाजात घाई नव्हती. धार तेवढीच, त्याच लयीत. कुणीतरी वाट बघत होतं. कशाची, ते सरांना हळूहळू उमगलं.

क्षणभर, फक्त क्षणभर, त्यांना वाटलं, तीच असेल. आणि त्या क्षणात भीती नव्हतीच. पण सरांनी तो विचारही तपासला. तपासायला नको होता. तिला त्यांचं माप पाठ होतं. शेवटी शेवटी तर ते 'पुरे' म्हणायच्या आतच तिची बाटली सरळ झालेली असे, शब्द नुसता रीत म्हणून मागून यायचा. ती असती तर केव्हाच थांबली असती. आत जे होतं त्याला त्यांचं माप माहीत नव्हतं. त्याला फक्त रीत माहीत होती.

शब्द ओठांवर आला होता. साधा तर शब्द. म्हटला की आवाज थांबेल. पण 'पुरे' कोण म्हणतो? ज्याच्यासाठी ग्लास भरला जातोय, तो. म्हटलं की तो ग्लास आपला झाला.

सरांनी दात दातांवर घट्ट धरले. उठून रेडिओ लावला, मोठ्यानं. कुणीतरी हवामान सांगत होतं. ते त्याच्यासमोर अगदी जवळ बसले, शेकोटीजवळ बसावं तसे, आणि बातम्या संपून गाणी लागली तरी तिथेच बसून राहिले.

५

"बाबा, हा ऐकू येतो?"

"येतो."

"आणि हा?"

"तोही."

"कमाल आहे. माझ्या निम्म्या पेशंटना हा ऐकू येत नाही. आणि बायको बोलते तेव्हा तर मलाही येत नाही." जावई स्वतःच्याच विनोदावर खळाळून हसला. उतरत्या उन्हात तो सरांच्या समोर स्टूल घेऊन बसला होता. कंप पावणारा लोखंडी नादकाटा एकदा सरांच्या कानाशी धरत होता, एकदा कानामागच्या हाडावर टेकवत होता. कानात उजेड टाकून पाहून झालं होतं. मग गप्पांच्या ओघात त्यानं आजची तारीख विचारली, शंभरातून सात सात वजा करायला लावले. सरांनी ते केलं आणि वर विचारलं, "उलट्या बाजूनं करू का?"

"नको, मला जमत नाही ते." जावयानं नादकाटा टेबलावर ठेवला. "कापसाचं काय प्रकरण होतं?"

"कान दुखत होता."

"कुठला?"

"डावा."

"मग दोन्हीत का घातलात?"

सरांनी चष्मा काढून पुसला. जावई मांडीवर थाप मारून म्हणाला, "जाऊ द्या. दिवे लागले. तुमचा तो प्रसिद्ध व्हिस्की-सोडा होऊन जाऊ दे. आज मी गाडी आणलीच नाहीये मुद्दाम."

सर नाही म्हणणारच होते. पण नाही म्हणायला कारण काय द्यायचं? आणि खरं सांगायचं तर, आत कुठेतरी त्यांना हवंही होतं. आवाज आला आणि याला ऐकू आला नाही, तर चौथी शक्यता खरी: बिघाड डोक्यात आहे. मग निमूटपणे वाकड्या पडद्यांच्या खोलीत जायचं. आणि ऐकू आला तर? त्याच्या पुढचा विचार त्यांनी केलेला नव्हता.

दोन ग्लास भरले गेले. जावयाला घरची रीत माहीत होती. लग्न ठरलं तेव्हाच सासूबाईंनी त्याची परीक्षा घेतली होती. सरांनी त्याच्या ग्लासात सोडा ओतला. तो गंभीर चेहरा करून बघत राहिला आणि ऐनवेळी म्हणाला, "पुरे!" मग त्यानं बाटली घेतली. "आता तुम्ही. बोला, कधी थांबू? का सासूबाईंसारखा तुमची पँट भिजवू?"

"पुरे," सर म्हणाले. त्यांचा आवाज चिरका निघाला.

दोघं बाहेर येऊन बसले. जावयानं ग्लास उचलला. "तर तो पेशंट काय म्हणतो, डॉक्टर, माझ्या बायकोला बहिरेपण आलंय, मी तिला दहा वेळा हाक—"

बोळाच्या टोकाशी झाकण उडालं. फस्स.

सर जावयाच्या चेहऱ्याकडे पाहत होते. डोळ्यांत तेल घालून पाहत होते. चेहरा हसराच राहिला, पण वाक्य पुढे गेलं नाही. ओतण्याचा आवाज सुरू झाला. जावयाची मान वळली नाही. फक्त डोळे बोळाकडे गेले आणि परत आले.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"काही नाही." त्यानं ग्लास खाली ठेवला. "बाथरूमला जाऊन येतो."

बाथरूम डाव्या हाताला होतं. तो सरळ गेला. सर उठले आणि त्याच्या मागोमाग बोळात आले. का आले, ते त्यांना सांगता आलं नसतं. बसवेना एवढंच खरं. जावई मागच्या खोलीच्या अर्धवट उघड्या दारात उभा होता. त्याच्या रुंद पाठीनं दार जवळजवळ भरलं होतं. आतून सोडा पडत होता, लाकडावर, फरशीवर, त्याच्या पायांपर्यंत. बराच वेळ तो हलला नाही.

मग सर्दी झालेल्या माणसासारख्या आवाजात, घाईघाईनं, पाहुणा म्हणून बसल्यावर तोंडून आपसूक निघावं तसं, तो म्हणाला, "पुरे, पुरे."

धार थांबली.

जावई एक पाऊल मागे आला आणि त्याच्या खांद्यावरून सरांना खोलीचा एक तुकडा दिसला. खिडकीत शेवटचा उजेड होता. टेबलावर काही नव्हतं. ग्लास टेबलाच्या अलीकडे होता, हवेत, काठोकाठ भरलेला, दाराच्या दिशेनं पुढे केलेला, जसा आपण पाहुण्याच्या हातात देतो. काचेवर बोटं होती, ओली. सरांनी सवयीनं पाहिलं, आणि सवयीनंच चूक शोधली. पाचही बोटं ग्लासाच्या एकाच बाजूला होती. अंगठाही. पलीकडून काही धरलेलं नव्हतं. बोटांच्या मागे जिथे हात असायला हवा तिथे दारामागच्या कोटाची बाही होती, आणि कोट दारामागे नव्हता.

जावयानं दार ओढून घेतलं. वळला तेव्हा सरांवर आदळला.

"बाबा! तुम्ही कशाला आलात इथे?" तो कुजबुजत होता. एवढा मोठा माणूस, पण चेहरा पांढराफटक पडला होता. "चला, चला बाहेर."

"काय होतं आत?"

"अंधार होता. काही दिसलं नाही."

"तू 'पुरे' म्हणालास."

"मी?" जावयानं सरांकडे पाहिलंच नाही. "मी कशाला म्हणेन? खिडकी उघडी राहिलीय तुमची, वारा येतो." बाहेरच्या खोलीत आल्यावर त्यानं बॅग उचलली, चपळाईनं बूट घातले. एक लेस सुटीच राहिली. भरलेल्या ग्लासाकडे त्यानं पाहिलंही नाही. दारात जाऊन मात्र थांबला आणि डॉक्टरी आवाज काढायचा प्रयत्न करत म्हणाला, "तुमचे कान उत्तम आहेत, बाबा. डोकंही. तुम्हाला काहीही झालेलं नाही."

जिन्यातून त्याची पावलं धावत गेली.

६

"जिंकलात तुम्ही!" दुसऱ्या दिवशी दुपारी मुलीचा फोन आला. "तो म्हणतो, बाबांचे कान विशीतल्या मुलासारखे आहेत. म्हणतो, त्यांना तिथेच राहू दे, उगाच हलवायला नको. आता तरी खूश?"

"हो," सर म्हणाले.

"आवाजावरून वाटत नाही."

"खूश आहे गं."

ते घर आता त्यांचं होतं. आपल्या खुर्चीत बसून त्यांनी त्या विजयाकडे पाहिलं. गेले कित्येक दिवस ज्या आजाराला ते भीत होते, तो आजार त्यांना झालेला नव्हता; आणि आता तो झालेला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटत होतं. आजाराला डॉक्टर असतो. इथे डॉक्टरच पळाला होता.

ऊन उतरलं. सरांनी ग्लास काढला नाही, बर्फ काढला नाही. हात मांडीवर ठेवून ते बसून राहिले. त्यांच्या हिशेबानं त्यांनी काही केलं नाही तर काही होणार नव्हतं. हे त्यांनी स्वतः करून पाहिलं होतं.

बोळाच्या टोकाशी काचेत बर्फाचा खडा पडला. मग दुसरा. मोठे खडे होते, आवाजावरून कळत होतं. आणि आज त्या हाताला रीत चांगली जमली होती.

सरांनी फोन उचलला. मुलीचा नंबर लावला.

"मी विचार केला," ते म्हणाले. "येतो तुमच्याकडे. आजच येतो म्हणतो."



"बाबा, आज म्हणजे... त्या खोलीचं जरा रंगाचं काम काढलंय."

"त्या दिवशी तर पडदे लावलेत म्हणालीस."

"हो, पण..." मागून जावयाचा आवाज आला. तो हसत नव्हता. "नाही म्हणून सांग. काही दिवस नाही. कधीच नाही, सांग त्यांना." मग एक दार बंद झाल्याचा आवाज. मुलगी दुसऱ्या खोलीत गेली असावी. ती आता दबक्या आवाजात बोलत होती. "बाबा, काल काय झालं तिकडे? आल्यापासून त्यानं घरातले सगळे ग्लास खोक्यात भरून बाहेर नेऊन ठेवलेत. पाणीसुद्धा नळाला ओंजळ लावून पितो. मी कप पुढे केला तर अंगावर ओरडला. माझ्या अंगावर! कधी ओरडत नाही हो तो. आणि मला म्हणतो, बाबांनी तिथून काही आणायचं नाही, आणि बाबांनाही आणायचं नाही."

सरांनी डोळे मिटून घेतले. मागच्या खोलीत व्हिस्की बर्फावर पडली. बर्फ तडकल्याचा बारीक आवाज आला.

"बाबा? आहात ना?"

"आहे."

"मी येऊ का? आत्ता निघते. त्याला काय सांगायचं ते सांगते मी. तुमच्याजवळ राहते दोन दिवस."

तिचा आवाज ऐकून सरांना रडू फुटेल असं झालं. तिनं यावं, आत्ता यावं, दार उघडून पर्स खुर्चीवर फेकावी आणि म्हणावं, काय हो हा अंधार करून बसलात. एवढंच तर त्यांना हवं होतं. पण ती याच घरात वाढलेली. आईच्या मांडीवर बसून ती सरबतालासुद्धा 'पुरे' म्हणायला शिकली होती. तिच्यापुढे कुणी ओतायला लागलं तर तिची जीभ तिला विचारायला थांबणार नव्हती. जावयाची थांबली नव्हती.

आत झाकण उडालं. धार सुरू झाली.

"नको," सर म्हणाले. त्यांना स्वतःच्या आवाजाचं नवल वाटलं, इतका तो ठाम होता. "तू त्याच्याजवळ थांब. त्याला तुझी गरज आहे. माझं इथे अगदी मजेत चाललंय."

"नक्की?"

"नक्की. आणि मी सांगेपर्यंत इकडे यायचं नाही. मला एकट्याला बरं वाटतं. आई गेल्यापासून मला सवय झालीय."

"तुम्ही विचित्र आहात, बाबा," मुलगी म्हणाली. ती थोडी दुखावली होती. ते बरंच झालं. दुखावलेलं माणूस लगेच निघून येत नाही. "जेवून घ्या वेळेवर. ठेवते."

फोन बंद झाला. खोलीत आता तेवढा एकच आवाज उरला, काचेच्या कडेनं चढत जाणारा. तो काठाशी आला, तिथे जरा अडखळला, आणि कान देऊन ऐकावं तसा मंदावला.

सरांनी बंद फोन कानाला तसाच घट्ट लावून ठेवला. आपलं बोलणं संपलंय, आता इथे कुणी नाही, हे आत कळू नये म्हणून ते मोठ्यानं म्हणाले, "हो, हो, ऐकतोय मी. तू बोल."